काऊ-चिऊची पिशवी : चिपळूणच्या एका वर्गखोलीतल्या नोंदी

१८ जून २०२४, मंगळवार

यंदाचं ठरलं. चार मुलं, एक गोष्ट, एक पिशवी, पावसाळाभर. चौघंही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, चौघांच्या कागदावर निदान एकच, आणि चौघांत एकसारखं म्हणावं असं काही नाही. वहीत नावं लिहायची नाहीत. खुंटीवर दप्तराच्या वर ज्याचं जे चित्र चिकटवलंय तेच त्याचं नाव. पतंग, वय ७. चमचा, ६. घुंगरू, ८. छत्री, ६. यातली चमचा ही मुलगी आणि छत्री हा मुलगा. ‘छत्री आला’ असं लिहिताना पेन अडखळतं, पण चित्रं ज्याची त्यानं निवडली आहेत.

गेल्या वर्षी चित्रांच्या तक्त्यावर पाच महिने घालवले. पतंगला ३९ चित्रांची नावं पाठ झाली. एप्रिलमध्ये त्याच्यासमोर खरा पेरू धरला तर ओळखच नाही. त्याच्या लेखी पेरू म्हणजे तक्त्यावरचा, वरच्या ओळीतला, शेजारी कोपरा दुमडलेला. म्हणून यंदा तक्ता कपाटात. वस्तू हातात द्यायची आणि गोष्ट सांगायची.

कल्पना माझी नाही. ब्रिटनमध्ये ख्रिस फुलर या शिक्षिकेनं तीव्र बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी अशा गोष्टी तयार केल्या, त्यातून बॅग बुक्स ही संस्था उभी राहिली. एका पानाला एक वाक्य, एक वस्तू. वाक्य दर वेळी तेच, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. ती पद्धत स्वमग्न मुलांसाठी निघालेली नव्हती, त्यामुळे जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण ‘वाक्य बदलायचं नाही’ हा नियम आमच्या मंडळींना फार मानवणार.

गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. घरोघरी सांगतात त्या या गोष्टीत हाताला लागेल असं सगळं आधीच आहे. शेण, मेण, पाऊस, आंघोळीचं पाणी, टॉवेल, पावडर, तीट, दार. आणि ‘थांब’ तर मोजावं तितकं.

२४ जून, सोमवार

दहा शब्द काढले. शेण, मेण, पाऊस, दार, तीट, उघड, थांब, पूस, ओलं, कोरडं. नुसती नामं मुद्दाम घेतली नाहीत. वस्तूंची नावंच शिकवली की मूल वस्तू दाखवून नाव सांगत बसतं, मागत काहीच नाही.

मोजायला तीन रकाने: गोष्टीत, पिशवीबाहेर, घरी. पहिल्या रकान्यातल्या खुणेला मी शब्द धरणार नाही. वेगळ्या वस्तूवर, वेगळ्या माणसासमोर आला तर शब्द. तोंडानं आला, चित्रावर बोट ठेवून आला, हाताच्या खुणेनं आला, सगळं सारखं. चमचा बोलत नाही; ती टॅबवर जेलो वापरते, चित्र दाबलं की त्याचा शब्द बोलून दाखवणारं ॲप. ते आयआयटी मुंबईत तयार झालंय, फुकट आहे, मराठीत बोलतं. तिनं बटण दाबलं की शब्द झाला. वरून जो नमुना भरायला येतो त्यात ‘उच्चारलेले शब्द’ एवढाच रकाना. तिथं तिच्या नावापुढे दोन वर्षं शून्य जातंय. यंदा शेजारी पट्टीनं आणखी एक रकाना आखणार आहे. परत पाठवला तर पाठवू देत.

आजची स्थिती: पतंगला पाऊस आणि दार. छत्रीला पाऊस, पण कानांवर हात ठेवून. चमचाला उघड, तेही डबा माझ्यापुढे सरकवून. घुंगरू दहाच्या दहा शब्द म्हणतो. ‘हे काय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘हे काय?’

२ जुलै, मंगळवार

पहिला दिवस फसला, आणि माझ्यामुळेच. हौसेनं सगळं एकदम केलं. स्टीलच्या परातीत तांदूळ ओतून पाऊस, वरून फवाऱ्याच्या बाटलीतून पाणी, मोबाइलवर गडगडाट, हवेत पावडर. छत्री टेबलाखाली गेला तो सुटीपर्यंत तिथंच. घुंगरूनं पावडर चाखली. चमचानं शेणाच्या वासानं मान फिरवली ती फिरवलीच. एकटा पतंग खूश, त्यानं मेणाचा गोळा कुणालाच दिला नाही.

स्वमग्न मुलांना आवाज, वास, स्पर्श कमी किंवा फार जास्त जाणवतो, हे अमेरिकन निदान-निकषांतही २०१३ पासून आहे. मला तोंडपाठ आहे. वर्गात विसरले, झालं. उद्यापासून एका पानाला एकच संवेदना. पाऊस कानाला नाही, हाताला: फवाऱ्याचे दोन थेंब, तेही तळहात पुढे आला तरच. पावडरचं पान कायमचं बाद. ती नाकातोंडात जाते हेही आहेच.

शेणावरून पतंगच्या आजी थेट वर्गात आल्या. ‘काय हो बाई, अंगण सारवायला आम्ही आहोत की घरी. पोराला शाळेत घातला तो शेणात हात घालायला?’ हसू आलं, पण चूक माझी. पालकांना आधी विचारायला हवं होतं. तोडगा असा निघाला की ओलं शेण झाकणाच्या डब्यात, बघण्यापुरतं आणि वासापुरतं. हातात द्यायला वाळलेली शेणी. शेणी आजीच पाठवणार आहेत.

९ जुलै, मंगळवार

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. ‘काऊचं घर वाहून गेलं’ या पानाला काय द्यावं सुचत नव्हतं. मावशी म्हणाल्या, खरंच वाहवून बघा ना. घमेल्यात पाणी घेतलं. शेणीचा तुकडा टाकला, मेणाचा गोळा टाकला. मेण तरंगलं. शेणी आधी तरंगली, मग कडेनं सुटायला लागली, पाणी चहासारखं झालं, चिमटीत धरली तर भुगा.

गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, सांगतेय. चिऊचं घर का राहिलं आणि काऊचं का गेलं हे असं डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पतंगनं अकरा वेळा करायला लावलं. घुंगरू घमेल्याभोवती फिरत ‘वाहून गेलं, वाहून गेलं’. चमचानं पहिल्यांदाच शेणीला हात लावला, आणि लगेच तो माझ्या ओढणीला पुसला.

एक गोष्ट आज लक्षात आली आणि लाज वाटली. गोष्टीच्या वाक्यांत ‘शेण’ हा शब्द कुठंच नाही. ‘शेणाचं’ आहे. ‘मेण’ नाही, ‘मेणाचं’ आहे. मी आठवडाभर शेण शिकवतेय आणि मुलांच्या कानावर शेणा-शेणा पडतंय. उद्यापासून आधी दोन पानं वाढवायची. ‘हे शेण.’ ‘हे मेण.’

१६ जुलै, मंगळवार

ओलं-कोरडं यादीतून काढलं.

काऊ ओला, चिऊ ओली, घर ओलं, टॉवेल ओला. मोठ्यांच्या कानाला हा एकच शब्द. पतंगच्या कानाला तीन. गोष्टीतलं पान ‘घर ओलं’ असं आहे, म्हणून मी ‘टॉवेल ओला’ म्हटलं की तो ओरडतो, ‘ओलं! ओलं!’ मीच चुकतेय अशी त्याची खात्री. त्याच्या बाजूनं पाहिलं तर बरोबर आहे. नियम मीच घातला होता ना, वाक्य बदलायचं नाही म्हणून.

रात्री भाकऱ्या थापताना सुचलं. मराठीत न बदलणारी विशेषणंही आहेत की. गुळगुळीत मेण, गुळगुळीत वाटी, गुळगुळीत दगड. खरखरीत शेणी, खरखरीत पायपुसणं. मऊ टॉवेल, मऊ उशी, मऊ पोट. लिंग बदलो, वचन बदलो, शब्द जागचा हलत नाही. वर हे शब्द बोटांना जे लागतं तेच तोंडानं करतात. गुळगुळीत म्हणताना जीभ घसरते, खरखरीत म्हणताना घशात खरखर होते. स्पर्शाचे असे शब्द आपल्याकडे पोत्यानं आहेत. बुळबुळीत, चिकचिकीत, भुसभुशीत, रखरखीत. ते सोडून मी ओल्या-कोरड्याशी झटापट करत होते.

नवे तीन शब्द: गुळगुळीत, खरखरीत, मऊ. शेणीवरून बोट फिरवत ‘खरखरीत’ म्हटलं तशी चमचाच्या घशातून ‘खर्र’ असा आवाज आला. दुसऱ्यांदा म्हटलं, दुसऱ्यांदा आला. मावशी साक्षीला होत्या म्हणून लिहिते, नाहीतर मलाही भास वाटला असता.

२२ जुलै, सोमवार

ही तारीख चिपळुणात समजावून सांगावी लागत नाही. २०२१ साली याच दिवशी वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं होतं. बाजारपेठेतल्या भिंतींवरून लोक आजही हात वर करून खूण दाखवतात, इथवर.

‘वाहून गेलं’ या पानाला छत्री कानांवर हात ठेवतो. मी समजत होते पाण्याच्या आवाजाचा त्रास. आवाज नाही अशा दिवशीही ठेवतो. आज त्याच्या आईला सहज बोलले. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, पुराच्या वेळी हा तीन वर्षांचा. शेजारच्यांच्या माळ्यावर रात्र काढली, खाली आमची भांडी तरंगताना हा बघत होता. बोलत काहीच नाही ना, म्हणून आम्हाला वाटलं त्याला आठवत नसेल.

पान काढून टाकते म्हटलं. नको म्हणाल्या. ‘बाई, गोष्टीत काऊला शेवटी घरात घेतात की नाही? मग ते त्याला आधी दाखवा.’

२४ जुलै, बुधवार

गोष्टीची सगळी पानं छोट्या चित्रांत करून एका पट्टीवर लावली. शेवटी काऊ चिऊच्या घरात, पांघरूण घेऊन. गोष्ट सुरू करण्याआधी छत्रीचं बोट पट्टीवरून शेवटच्या चित्रापर्यंत नेलं. शिवाय ‘थांब’चं चित्र त्याच्या हातात दिलं. चौथ्या पानापाशी त्यानं ते दाखवलं. मी थांबले. घमेलं बाजूला ठेवलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, घुंगरूसुद्धा. मग छत्रीनंच घमेलं ओढून घेतलं आणि शेणी टाकली.

गोष्टीत ‘थांब’ म्हणते ती चिऊ, काऊला. मुलानं तो मला म्हणावा असं मी योजलेलं नव्हतं. तिसरा रकाना नाही, पण दुसऱ्यात खूण नक्की.

५ ऑगस्ट, सोमवार

पत्र्यावर पाऊस असा की माझाच आवाज मला येईना. गोष्ट रद्द करायला निघाले, तर पतंगनं पिशवी आणून मांडीवर ठेवली. मग एकही शब्द न बोलता सांगितली. नुसत्या वस्तू, ओळीनं, आणि प्रत्येक वस्तूआधी रोज घेते तेवढा थांबा.

त्या थांब्यात चमचानं टॉवेल माझ्या आधी काढला. मग टॅबवर ‘पूस’. कुणी विचारलेलं नव्हतं, कुणी बोललेलंही नव्हतं. बाहुलीला नाही, खिडकीतून पाणी आत येऊन फरशीवर थारोळं झालं होतं त्याकडे बोट. मावशींनी फडकं आणलं आणि मुकाट्यानं पुसलं.

मी गोष्ट सांगताना फार बोलते, असं दिसतंय. मूल तोंड उघडणार तेवढ्यात माझा पुढचा शब्द त्याच्या अंगावर. उद्यापासून प्रत्येक वस्तूनंतर मनात दहा आकडे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

घुंगरूच्या आजीनं सांगितलेलं, जसंच्या तसं. सकाळी हा न्हाणीघरात. ताईला शाळेची घाई, ती दार ठोकतेय. आतून आवाज, अगदी माझ्या चालीत: ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते!’

घरचे हसून बेजार. मग आजीनं विचारलं, बाई, हे बरोबर का चूक?

बरोबर. शंभर टक्के. लिओ कॅनर यांनी १९४३ साली पहिल्यांदा ११ मुलांची वर्णनं लिहिली तेव्हाच असे उचललेले शब्द आणि ‘मी-तू’ची अदलाबदल नोंदवली होती. पुढे बरीच वर्षं या पोपटपंचीला अर्थ नाही असं धरून ती बंद करण्याकडे कल होता. १९८१ मध्ये प्रिझंट आणि डचन यांनी मुलांचं ऐकलं की लगेच तसंच म्हणणं बारकाईनं पाहून त्यामागची सात वेगवेगळी कामं मांडली. घुंगरूनं तर कामच केलंय. दाराबाहेरच्याला थांबायला सांगितलं, कारणही दिलं. वाक्य उसनं, हेतू स्वतःचा.

त्याचं ‘पाणी पाहिजे का?’ हेही तसंच. आपण पाणी देताना जे बोलतो तेच तो मागताना बोलतो. घरच्यांना सांगितलं, चूक दाखवू नका, त्याला म्हणायला हवं ते तुम्ही त्याच्या वतीनं म्हणा. ‘थांब, आंघोळ चाललीय.’

मात्र एक अडचण राहतेच. वर्गात मी बाई, मावशी बाई, घरी आई, आजी, ताई. गोष्ट सांगणारी चिऊ. पोरगा घालते, पुसते, जाते असंच बोलणार. त्याला ‘मी’च्या पुढे दुसरं ऐकूच येत नाही. गल्लीतली मुलं चिडवतात, असं आजी म्हणाल्या. याचं काहीतरी करायला हवं.

२१ ऑगस्ट, बुधवार

पतंगचा घोळ सापडला. दोन आठवडे तो डब्याच्या झाकणाला ‘शेण’ म्हणत होता. कारण मी डबा उघडून आत बघत ‘हे शेण’ म्हणायचे, त्या क्षणी तो बघत असायचा झाकणाकडे. पिवळं आहे, फिरतं. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हेच दाखवलं होतं. इतर मुलं नवा शब्द ऐकला की बोलणारा कुठं बघतोय ते बघतात. स्वमग्न मुलांतली बरीच जणं तो शब्द स्वतःच्या नजरेसमोर असेल त्याला जोडून टाकतात. मग आपणच त्याच्या नजरेमागे जायचं. आता तो झाकण बघत असला तर मी ‘झाकण’ म्हणते. शेणाकडे डोळे गेले की मगच शेण.

मेणाचंही असंच. मेण म्हणजे तो एकच गोळा. मेणबत्ती दाखवली तर ‘मेणबत्ती’. मेणाचा खडू दाखवला तर ‘खडू’. आता यावर काय वाद घालणार, बरोबरच आहे त्याचं. मेणबत्ती वितळवून सांडली, थेंब गार झाले, नखानं खरवडून त्याच्या हातात दिले. तीन वेळा वास घेतला. मग हळूच, ‘गुळगुळीत’. मेण नाही म्हणाला. चालेल.

३ सप्टेंबर, मंगळवार

परवापासून एकेक जण गणपतीसाठी गावाकडे जाणार. आजची मोजणी. पिशवीबाहेरच्या रकान्यात पतंग चार, चमचा पाच (सगळे टॅबवर किंवा खुणेनं), छत्री तीन. घुंगरूचे मोजायचे कसे हे मला अजून कळलेलं नाही. त्याचं एकेक वाक्य म्हणजे एकेक शब्द धरला तर सहा. तीट कुणालाच आलं नाही. काजळ कपाळाला लागलं की ते त्यांना दिसत नाही, एवढं साधं कारण, आणि आरसा ठेवायचं मला अडीच महिन्यांत सुचलं नाही.

चौघांच्या घरी चार छोट्या पिशव्या दिल्या. आत शेणी, मेण, टॉवेलचा तुकडा, पट्टी. सूचना दोनच: रोज एकदा, आणि कुणालाही दाखवायला म्हणून बोलायला लावू नका. गणपतीत घरभर पाहुणे, ‘बाळ, बोलून दाखव’ होणारच.

१९ सप्टेंबर, गुरुवार

बातम्या. छत्रीनं आरतीच्या वेळी झांजा सुरू झाल्यावर मोठ्या काकांसमोर ‘थांब’चं चित्र धरलं. काकांना कळलं नाही. आईला कळलं; ती त्याला घेऊन पडवीत बसली.

चमचाच्या घरी उकड काढताना तिनं गोळ्यात बोट घालून टॅबवर ‘मऊ’ दाबलं. आईनं मोदकाच्या कळ्या पाडायच्या सोडून मला फोन केला होता, मी उचलला नाही, आरतीत होते.

आणि पतंग. आजीबरोबर रस्त्यानं जाताना मधेच थांबला, गाईनं नुकतंच टाकलेलं होतं, त्याच्याकडे बोट करून मोठ्यानं ‘शेण!’ पुढे आणखी, ‘शेण!’ घरापर्यंत सात. ‘बाई, एक चुकवला नाही त्यानं,’ आजी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तिसऱ्या रकान्यात पहिली ठळक खूण.

१० ऑक्टोबर, गुरुवार

घुंगरूचे बाबा रिक्षा चालवतात. त्यांना दोन दिवस मागे लागून काल गाठलं. गोष्टीला एक नवं पान जोडलंय: घरात चिमणाही आहे, आणि शेवटी दार तो उघडतो. ‘थांब, मी दार उघडतो.’ एवढंच वाक्य मोबाइलवर म्हणायचं होतं. लाजत होते, चार वेळा हसले, पाचव्यांदा रिक्षात बसूनच म्हटलं, आणि नेमका मागच्यानं हॉर्न दिला. परत करू म्हणाले. मला वाटलं चालेल, शब्द स्वच्छ आलाय.

आज वर्गात लावलं. घुंगरूनं तीन वेळा ऐकलं, उठला, वर्गाचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘थांब, मी दार उघडतो, पीं.’